सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतर १५,३४० किमी, मग पावणेएकोणीस तास का लागतात?

रानजाई

नमस्कार मंडळी,

आईला घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायचं आहे. थेट विमान घ्यावं की मध्ये एक थांबा घ्यावा यावर घरात अजून एकमत नाही. तिकीट काढण्याआधी मला हे अंतर आणि वेळेचं गणित नीट समजून घ्यायचं आहे.

अंतर काढणाऱ्या कुठल्याही साइटवर दोन्ही विमानतळ टाकले की १५,३४० किमीच्या आसपास आकडा येतो. वेग ताशी ९०० धरला तर सतरा तास होतात. वेळापत्रकात मात्र पावणेएकोणीस तासांच्या आगेमागे वेळ दिसते. पावणेदोन तास नुसते उडण्या-उतरण्यात जातात हे पटत नाही. विमान नेमकं कुठून जातं हेही कळेना. कोणी पॅसिफिकवरून म्हणतं, कोणी युरोपवरून, एकाने तर उत्तर ध्रुवावरून जातं असं सांगितलं. यातलं खरं काय?

नकाशेवेडा

रानजाईताई, १५,३४० हा आकडा बरोबर आहे. तो दोन विमानतळांमधल्या बृहत्वृत्ताचा आहे, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सगळ्यात जवळची वाट. विमान त्याच वाटेने जाईल असं मात्र तो आकडा सांगत नाही.

घरात पृथ्वीगोल असेल तर हे करून बघा. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो पॅसिफिकवरून जात नाही आणि युरोपवरूनही जात नाही. सरळ वर चढतो, लाओस, चीन, मंगोलिया, सायबेरिया ओलांडतो, उत्तर ध्रुवापासून तीनशे किमीच्या आत येतो आणि कॅनडातून खाली उतरतो. कारण सोपं आहे. सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम. दोन्हींत जवळजवळ १७८ अंशांचा फरक, म्हणजे एक गाव पृथ्वीच्या या बाजूला तर दुसरं बरोब्बर त्या बाजूला. अशा जोडीची जवळची वाट ध्रुवाजवळूनच जाणार.

भिंतीवरच्या मर्केटर नकाशात हे कधीच दिसत नाही, कारण त्यात ध्रुव मावतच नाही. त्या नकाशावर पट्टी ठेवून विमानाची वाट आखली की हमखास चुकीची येते.

वेगवेगळ्या साइटवर दहा-पंधरा किमीचा फरक दिसला तर काळजी करू नका. काही जण पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरतात. काही जण खरा चपटा आकार धरतात, ज्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय ६,३५७ किमी असते. यातून फार तर अर्धा टक्का फरक पडतो. तुमचे पावणेदोन तास त्यात सापडणार नाहीत.

मंद्रसप्तक

उत्तम प्रश्न. वाचतोय. म्हणजे ध्रुवावरून जातं हे खरं समजायचं का?

हवेचा_हिशोब

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम केलं आहे. लांब पल्ल्याच्या विमानांचे मार्ग आणि इंधन ठरवणं हेच काम. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

न्यूयॉर्ककडे जाताना हे विमान बहुतेक वेळा पॅसिफिकवरून जातं. जपानच्या बाजूने वर, अलास्काच्या दक्षिणेने, मग कॅनडा-अमेरिका ओलांडून. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ही थेट सेवा न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाला पुन्हा सुरू झाली (न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाला २०२० मध्ये). तेव्हा सिंगापूर एअरलाइन्सनेच अंतर सुमारे १६,७०० किमी दिलं होतं. म्हणजे दोऱ्याच्या वाटेपेक्षा साडेतेराशे किमी जास्त. रानजाई, तुमच्या पावणेदोन तासांतला मोठा भाग इथे आहे. उरलेला जमिनीवर जातो, कारण वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. मोठ्या विमानतळांवर दोन्ही टोकांचे मिळून अर्धा तास सहज जातो.

आता मुद्दाम लांबून का जायचं? विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं, आणि ती हवा स्वतः वाहत असते. या मार्गावरचं एअरबस ए३५० विमान साधारण मॅक ०.८५ ने, म्हणजे ध्वनीच्या ८५ टक्के वेगाने उडतं. अकरा किमी उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किमी, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०० किमी. हा झाला हवेच्या तुलनेत वेग. मागून ताशी १५० किमीचा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने तुम्ही १,०५० ने जाता. समोरून तोच वारा असेल तर ७५० ने. आमच्या कामात किलोमीटरचं अंतर दुय्यम. किती हवा कापायची आहे ते आधी बघायचं.

फ्लाइट प्लॅनचा कागद कधी बघायला मिळाला तर जरूर बघा. वाटेतल्या प्रत्येक बिंदूला एक ओळ असते. बिंदूचं पाच अक्षरी नाव, उंची, बाहेरचं तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि शेजारी वाऱ्याचा निव्वळ परिणाम. मागून असेल तर 'पी', समोरून असेल तर 'एम', पुढे नॉट्स, म्हणजे ताशी सागरी मैल. ओळीच्या टोकाला त्या बिंदूवर टाकीत किती इंधन असायला हवं तो आकडा. पायलट त्या त्या बिंदूवर घड्याळ आणि इंधन दोन्ही कागदाशी ताडून बघतात. हा कागद रोज नव्याने बनतो, कारण वाऱ्याचा अंदाज रोज बदलतो. काल जपानच्या दक्षिणेने गेलेलं विमान आज पाचशे किमी उत्तरेने जाऊ शकतं.

ध्रुवाजवळचा मार्ग निषिद्ध नाही, पण त्याच्या अटी बऱ्याच आहेत. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, त्यामुळे टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं. ८२ अंश उत्तर अक्षांशाच्या वर भूस्थिर उपग्रहांचा संपर्क तुटतो, आणि सौर वादळ असेल तर लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओही भरवशाचा राहत नाही. शिवाय सिंगापूरहून सरळ वर गेलं तर चीनच्या पश्चिम भागातली उंच पर्वतराजी लागते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान लगेच तीन किमी उंचीपर्यंत खाली आणावं लागतं, आणि खाली डोंगरच चार-पाच किमीचे असतील तर खाली येणार कुठे? प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन मोजक्या मिनिटांचाच असतो. म्हणून तिथून जायचं तर निसटायच्या वाटा आधीच आखून ठेवाव्या लागतात.

मंद्रसप्तक

बापरे, केवढा विचार असतो यामागे! पुढच्या वेळी सीटसमोरचा नकाशा वेगळ्या नजरेने बघेन.

चिकित्सक

हवेचा_हिशोब, माहिती छान आहे, पण दोन शंका आहेत.

पहिली म्हणजे वारा जाताना मदत करतो तर येताना तेवढाच अडवतो. मग एकूण हिशोब बरोबरीत सुटायला हवा.

दुसरी याहून मोठी. मी वेळापत्रक बघितलं. न्यूयॉर्कहून सिंगापूरला परत यायलाही जवळजवळ तेवढेच तास दिले आहेत. वाऱ्याचा एवढा प्रभाव असता तर जाण्या-येण्यात दोन-तीन तासांचा फरक दिसायला हवा होता. तो नाही. मग वाऱ्याचं हे प्रकरण जरा जास्त ताणलेलं नाही का?

नकाशेवेडा

पहिल्या शंकेचं उत्तर कागदावर करून बघू. दोन विमानतळ ९,००० किमी अंतरावर आहेत आणि विमानाचा हवेतला वेग ९००. वारा नसेल तर जायला दहा, यायला दहा, एकूण वीस तास. आता १०० किमीचा वारा सुरू करा. जाताना १,००० चा वेग, नऊ तास. येताना ८०० चा वेग, सव्वाअकरा तास. बेरीज सव्वावीस. एक तास मिळाला आणि सव्वा तास गेला, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं. म्हणजे बरोबरी होतच नाही. एकाच वाटेने जाऊन-येऊन केलं तर स्थिर वाऱ्यात नेहमी तोटाच होतो.

वारा किती करू शकतो याचं गाजलेलं उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीतलं. किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता.

हवेचा_हिशोब

चिकित्सक, तुमची दुसरी शंका फार नेमकी आहे. या जोडीची खरी गंमत तिथेच आहे.

नकाशेवेडा यांनी वर लिहिलं आहे की दोन्ही शहरं जवळजवळ पृथ्वीच्या समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. त्यामुळे सिंगापूरहून पूर्वेकडे वळा की पश्चिमेकडे, अंतरात फारसा फरक पडत नाही. जाताना पूर्वेला वळून पॅसिफिकवरून जायचं, तर मागून वारा. परत येताना? न्यूयॉर्कहून पुन्हा पूर्वेलाच निघायचं, अटलांटिक, युरोप, मग आशियातून खाली. पुन्हा मागून वारा! दोन्ही वेळा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, सोबतीला. अनेकदा हे विमान असंच जातं, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीला पूर्ण फेरी होते. म्हणून दोन्ही दिशांचे तास जवळजवळ सारखे दिसतात. वारा निष्प्रभ आहे म्हणून नव्हे. दोन्हीकडे त्याचा फायदा उचलला जातो म्हणून. शेवटच्या टप्प्यात, विषुववृत्ताकडे येताना, जेट स्ट्रीम उरत नाही आणि ही मदत संपते.

बाकी बहुतेक जोड्यांना ही सोय नसते. ऑकलंड–दोहा घ्या, साडेचौदा हजार किमी. दोहाकडे पश्चिमेला जाताना सतरा तासांच्या वर लागतात, ऑकलंडकडे पूर्वेला येताना तासभर तरी कमी. तिथे तुम्हाला हवा तो फरक स्वच्छ दिसेल.

आणि लांबची वाट वेळेने जवळची ठरते याचा सगळ्यात ठळक पुरावा दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आहे. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी झालं आणि वेळ साडेचौदा तासांवर आली, म्हणजे आधीपेक्षा कमी! चौदाशे किमी जास्त उडून लवकर पोचणं मला आजही विलक्षण वाटतं.

खगोल_पाहुणा

मला कायम वाटायचं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो. विमान वर असताना खालची जमीन सरकते, असं काही.

नकाशेवेडा

तसं होत नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही आधीच पृथ्वीच्या वेगाने फिरत असतं. जमीन खालून सरकत असती तर हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवून प्रवास झाला असता.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, आडमार्गाने. उष्ण प्रदेशातली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर हा वारा एकवटतो, तीच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, म्हणून ती जास्त जोरात वाहते. जपानवर तर ताशी तीनशे किमीच्याही पुढे जाते. या वाऱ्याची पहिली पद्धतशीर मोजणी जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून केली. जगाला कळावी म्हणून १९२६ साली त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही. ही गोष्ट मला फार चटका लावते. ओइशींचं नाव प्रत्येक विमानप्रवाशाला माहीत असायला हवं.

चिकित्सक

दोन्ही वेळा पूर्वेकडेच, हे पटलं. दिल्लीचं उदाहरणही निर्णायक आहे. मग वाऱ्याखेरीज आणखी काय काय वेळ बदलतं? राजकारणाने बंद झालेली हवाई हद्द वगैरे?

हवेचा_हिशोब

हो, आणि ते फार मोठं प्रकरण आहे. हेलसिंकी–टोकियो बृहत्वृत्ताने जेमतेम ७,८०० किमी. रशियावरून सरळ जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांत व्हायचं. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला, कधी ध्रुवावरून, कधी दक्षिणेला वळसा घालून. साइटवरचं अंतर एका किलोमीटरनेही बदललं नाही.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर ठराविक वेळात पोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत हवा. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० झाली, आणि ए३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. त्यामुळे आज समुद्रावरचे मार्ग बरेच सरळ झाले आहेत.

रानजाई

किती सुंदर समजावलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. आई पंचाहत्तरीची आहे, गुडघे दुखतात, बाकी तब्येत बरी. थेट न्यावं की मध्ये थांबावं?

औषधपाणी

मी डॉक्टर आहे, पण आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार तो तरीही सहा हजारांत एक एवढाच आहे. आधी गाठ झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील तर तो वाढतो, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना आधी विचाराच. बाकी दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालणं, बसल्या बसल्या घोटे फिरवणं, पाणी पिणं. आइलची सीट घ्या, म्हणजे उठताना कोणाला ओलांडावं लागणार नाही.

ए३५० आणि बोइंग ७८७ मध्ये केबिनचा दाब सुमारे १,८०० मीटर उंचीइतका ठेवतात, जुन्या विमानांत तो २,४०० मीटरपर्यंत जायचा. अठरा तासांच्या प्रवासात वयस्कर माणसाला हा फरक जाणवतो.

चिकित्सक

माझं मत थांब्याच्या बाजूने. सलग अठरा तास एका खुर्चीत हे पंचाहत्तरीच्या माणसाला जास्तच आहे. मध्ये तीन-चार तास पाय मोकळे झाले तर बरं.

हवेचा_हिशोब

मी थेटच्या बाजूने. थांब्यावर पाय मोकळे होतात हे खरं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबच लांब चालणं हेच जड जातं. पहिलं विमान उशिरा आलं तर धावपळ वेगळीच. थांबा घेतलाच तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत, म्हणजे पुढचं विमान चुकलं तरी पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. व्हीलचेअर मात्र कुठलाही मार्ग घेतलात तरी बुकिंगच्या वेळीच सांगा.

एक गोष्ट आधी बघून ठेवा. या मार्गावर ए३५०-९०० यूएलआर हे अतिलांब पल्ल्याचं खास विमान आहे. त्यात फक्त १६१ जागा आहेत, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. आईंसाठी जागा मोकळी मिळेल, पण खर्चाचा विचार त्याप्रमाणे करा. जागा इतक्या कमी का, तर वजन. हे विमान १,६५,००० लिटर इंधन नेऊ शकतं, साध्या ए३५०-९०० पेक्षा २४,००० लिटर जास्त. उडताना पहिले कित्येक तास विमान बराचसा जोर नुसतं नंतरचं इंधन वाहून नेण्यात घालवतं. याच मार्गावर २००४ ते २०१३ चार इंजिनांचं ए३४०-५०० चालायचं, ते इंधनाच्या खर्चापायी बंद करावं लागलं.

रानजाई

आईशी बोलले. तिला मधली चढ-उतार नकोच आहे, तेव्हा थेट. आता शेवटची शंका. समजा सिंगापूरहून रात्री ११:३५ ला निघालो आणि प्रवास पावणेएकोणीस तासांचा, तर घ्यायला येणाऱ्याला कोणती वेळ सांगू?

नकाशेवेडा

सगळं आधी सिंगापूरच्या घड्याळात मोजा. ११:३५ मध्ये पावणेएकोणीस तास मिळवले की दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, ६:२० होतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात सिंगापूरच्या १३ तास मागे असतं, म्हणजे तिथे त्याच दिवशी पहाटेचे ५:२०. उन्हाळ्यात फरक १२ तासांचा, म्हणजे सकाळचे ६:२०. सिंगापूर घड्याळं बदलत नाही, न्यूयॉर्क बदलतं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, पण तिचा वेगळा हिशोब करू नका, तो या १२-१३ तासांत आलेला असतो.

हवेचा_हिशोब

आणि घ्यायला येणाऱ्यांना तिकिटावरची वेळ अंतिम समजू नका म्हणावं. निघायच्या आधीच्या आठवड्यात त्याच फ्लाइट नंबरची रोजची उड्डाणं ट्रॅकिंग साइटवर बघा. प्रत्यक्ष हवेतला वेळ रोज वेगळा दिसेल, हिवाळ्यात तर चांगलाच. विमान उडालं की तासाभराने तिथे उतरण्याची सुधारित वेळ येते, ती त्यांना कळवा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामान यांत तास-दीड तास धरा. व्हीलचेअर असेल तर आईंबरोबर तुम्हालाही बहुतेक वेगळ्या रांगेतून नेतील.